सगळ्यात घातक नशा कोणती? ठाणे-नवी मुंबईतून वारंवार येणारे प्रश्न

कॉलेजांत, सोसायट्यांच्या हॉलमध्ये, मंडळांच्या कार्यक्रमांत व्यसनांवर बोलायला जातो तेव्हा प्रश्न चिठ्ठ्यांवर मागवतो. हात वर करून विचारायला कुणी धजत नाही. कळव्यापासून खारघरपर्यंत चिठ्ठ्या बऱ्याचशा सारख्याच निघतात आणि त्यांतलं भांडणही ठरलेलं: दारू वाईट की गांजा, एमडी वाईट की गर्द? त्या चिठ्ठ्या आणि नंतर व्हॉट्सॲपवर आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. घरात आत्ता कुणी बेशुद्ध पडलं असेल तर बाकी सगळं सोडून प्रश्न १५ वाचा.

१. फाटे न फोडता एकच नाव सांगा. सगळ्यात घातक नशा कोणती?

एक नाव देता येत नाही, कारण या चिठ्ठीत चार प्रश्न दडलेले असतात. एका खेपेत जीव कशाने जातो? तिथे गर्द, म्हणजे हेरॉईन, आणि त्याच्या जातकुळीतली अफूजन्य द्रव्यं पुढे. ती मेंदूतलं श्वासाचं केंद्र मंद करतात. माणूस गाढ झोपल्यासारखा दिसतो आणि श्वास थांबतो. सवय कशाची चटकन जडते? १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत तंबाखू कधीतरी घेतलेल्यांपैकी साधारण ३२ टक्के लोक तिच्या आहारी गेलेले दिसले. हेरॉईनचा आकडा २३, कोकेनचा १७, दारूचा १५ आणि गांजाचा ९ टक्के. घर कशाने बुडतं? दारूने, त्यात वाद घालण्यासारखं फार नाही. आणि एकूण माणसं सर्वांत जास्त कशाने मरतात? तंबाखूने. भारतात वर्षाला १३ लाखांहून अधिक.

एका माणसाचा विचार केला तर मी गर्दचं नाव घेईन. ठाण्यासारख्या अख्ख्या शहराचा केला तर दारू आणि तंबाखूचं. ही दोन उत्तरं एकमेकांना खोडत नाहीत.

२. एका ब्रिटिश अभ्यासात दारू हेरॉईनच्याही वर आहे म्हणे. खरं का?

खरं आहे. प्रा. डेव्हिड नट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. २० पदार्थ घेतले, १६ निकष लावले. त्यांतले ९ घेणाऱ्याचं काय होतं याचे, ७ इतरांचं काय होतं याचे. शंभरपैकी दारूला ७२, हेरॉईनला ५५, क्रॅकला (ओढायच्या खड्यांच्या रूपातलं कोकेन) ५४ गुण मिळाले. पुढे मेथॅम्फेटामिन (झोप उडवणारं उत्तेजक द्रव्य) ३३, कोकेन २७, तंबाखू २६, गांजा २०.

लोक हा क्रम सांगतात आणि त्यातली मेख विसरतात. दारूच्या ७२ पैकी ४६ गुण इतरांना होणाऱ्या त्रासाचे आहेत: मारहाण, अपघात, मोडलेले संसार, सरकारी दवाखान्यांवरचा भार. नुसत्या घेणाऱ्याचं नुकसान पाहिलं तर क्रॅक, हेरॉईन आणि मेथॅम्फेटामिन हे तिन्ही दारूच्या पुढे होते. म्हणजे 'दारू पहिली' हे वाक्य अर्धवट आहे. कुणासाठी पहिली, ते जोडायलाच हवं.

याच नटसाहेबांच्या २००७ च्या यादीत हेरॉईन पहिलं आणि दारू पाचवी होती. २००९ मध्ये, सरकारी धोरण शास्त्राला धरून नाही असं उघड बोलल्यामुळे, त्यांना ब्रिटिश सरकारच्या सल्लागार समितीच्या अध्यक्षपदावरून काढलं गेलं. त्यामुळे हा विषय निघाला की तिकडेही आवाज चढतात.

३. मग ती यादी प्रमाण मानायची का?

उपयोगी आहे, पण पंचांग म्हणून वापरू नका. गुण तज्ज्ञांनी एकत्र बसून, चर्चा करून दिलेले आहेत. कोणत्या निकषाला किती वजन द्यायचं हेही त्यांनीच ठरवलं, आणि वजन बदललं की क्रम हलतो. दारू सगळीकडे मिळते म्हणून तिचा एकूण त्रास मोठा दिसतो. हेरॉईन चौकाचौकात मिळू लागलं तर चित्र काय होईल, हे यादी सांगत नाही. एकावर एक पदार्थ घेण्याचा हिशेबही त्यात नाही, आणि प्रत्यक्षात बरेच जीव तिथेच जातात (प्रश्न १२).

शिवाय ती यादी ब्रिटनची. तिच्यात गुटखा नाही, मावा नाही, हातभट्टी नाही. आपली यादी आपणच करायला बसलो तर ती टपरीपासून सुरू होईल.

४. म्हणजे दारूपेक्षा एमडी बरी? त्या यादीत तिला १३ च गुण आहेत.

हा युक्तिवाद कोपरखैरणेच्या एका मुलाने मला फार आत्मविश्वासाने ऐकवला होता. एमडी म्हणजे मेफेड्रोन, आपल्याकडचं 'म्याव म्याव'. २०१० मध्ये ती ब्रिटनमध्येही नवी होती, तिच्याबद्दलची माहिती थोडी होती. १३ गुण त्या काळातले आहेत. भारतात ती फेब्रुवारी २०१५ मध्ये एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आली.

एमडीचा खरा धोका तिच्या घाईत आहे. नशा लवकर उतरते आणि उतरताच पुन्हा हवीशी होते, म्हणून रात्रभर एकामागोमाग एक चालू राहते. हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढतो, अंग तापतं, दात आवळले जातात, भूक आणि झोप उडते. दोन-तीन रात्री जागून काढल्यावर संशय सुरू होतो. नेरुळच्या एका आईने मुलाची खोली दाखवली होती. खिडकीच्या काचांना आतून वर्तमानपत्र चिकटवलेलं, दाराच्या फटीत टॉवेल कोंबलेला, कारण समोरच्या विंगमधून कुणीतरी पाळत ठेवतंय याची त्याला खात्री होती. समोरच्या फ्लॅटला कुलूप होतं.

दुसरी गोष्ट, पुडीत काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. रसायनं आपल्याच भागात तयार होतात आणि फिरतात. २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी उघड केलेल्या प्रकरणात सोलापूरजवळच्या एका कारखान्यातून टनावारी एफेड्रिन सापडलं होतं, ज्यापासून मेथॅम्फेटामिन बनतं. अशा बाजारात मालाची शुद्धता कोण तपासणार?

५. गांजा नैसर्गिक आहे, त्याने कुणी मरत नाही. मग एवढा बाऊ कशाला?

नुसत्या गांजाच्या अतिसेवनाने श्वास थांबून मरणं जवळजवळ ऐकिवात नाही, हे खरं. 'नैसर्गिक' हा मुद्दा मात्र सोडा, धोतराही नैसर्गिकच असतो.

गांजाचं नुकसान हळू आणि निवडक असतं. पंधरा-सोळाव्या वर्षी रोज सुरू केलेल्यांवर ते सर्वांत जास्त दिसतं. अभ्यासातून लक्ष उडणं, 'काय घाई आहे' ही वृत्ती, आणि ज्यांच्या घराण्यात गंभीर मानसिक आजार आहे त्यांच्यात भास-भ्रम सुरू होण्याची वाढलेली शक्यता. घरात मावशीला, काकांना स्किझोफ्रेनिया असेल तर त्या मुलासाठी गांजा कुठल्याही यादीपेक्षा वरच्या क्रमांकावर धरावा. घोडबंदर रोडवर गांजा ओढून बाइक चालवणाऱ्याचं वेगळं सांगायला नको. कायद्याचं प्रश्न १६ मध्ये आहे.

६. आणि भांग? ती तर होळीला घरातच घोटतात.

भांगेची पानं एनडीपीएसच्या 'गांजा'च्या व्याख्येत बसत नाहीत. त्यांचं नियंत्रण राज्याकडे असतं. शरीराला मात्र ही व्याख्या माहीत नाही. भांग पोटातून जाते, त्यामुळे चढायला तास-दीड तास, कधी दोन तासही लागतात. 'काहीच होत नाहीये' म्हणून लोक दुसरा पेला घेतात आणि मग दोन्ही एकदम चढतात. धुळवडीच्या संध्याकाळी धडधड, घाबरणं, 'मी मरतोय' असं ओरडणं घेऊन येणारे बहुतेक या दुसऱ्या पेल्याचे असतात.

७. तंबाखूने कुठे नशा होते? तिला या चर्चेत का ओढता?

डोकं फिरत नाही म्हणून ती नशा वाटत नाही. सकाळी मिश्री लावल्याशिवाय ज्यांना शौचाला होत नाही, त्या आजींना विचारा. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते, आणि त्यांत ओढणाऱ्यांपेक्षा खाणारे कितीतरी जास्त. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. बंदी कशी पाळली जाते ते कुठल्याही स्टेशनबाहेरच्या भिंतीवर दिसतं.

एक तपासणी घरी करून बघा. तोंड पूर्ण उघडून तीन बोटं उभी, एकावर एक, दातांच्या मधे जातात का? मावा-गुटखा खाणाऱ्या तरुणांमध्ये दोनच जातात, कधी एकच. गालाच्या आतली कातडी पांढरट, ताठ होते, झणझणीत भाजी सोसत नाही. या अवस्थेतून पुढे कर्करोग होऊ शकतो. नुसती सुपारीही कर्करोगकारक ठरलेली आहे, तंबाखू नसली तरी. टाटा रुग्णालयाचं कर्करोग केंद्र खारघरलाच आहे, पण बोटं आत जात नाहीत हे कळायला आधी साधा दातांचा डॉक्टरही पुरतो.

८. गर्द आता कोण घेतं? ती ऐंशीच्या दशकातली गोष्ट झाली ना?

ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात गर्दची लाट आली, त्यातूनच १९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी मुक्तांगण उभं केलं. लाट ओसरली, माल थांबला नाही. २०२१ मध्ये उरणजवळच्या न्हावा शेवा बंदरात सुमारे ३०० किलो हेरॉईन पकडलं गेलं. नशेच्या वापरावरच्या २०१९ च्या केंद्रीय अहवालानुसार देशात अफूजन्य पदार्थ वापरणारे सुमारे २.२६ कोटी होते.

पन्नीवर (चंदेरी कागदावर) ओढण्यापासून सुरुवात होते, पैसे पुरेनात की सुई येते, आणि सुई वाटून घेतली की एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी. 'टर्की', म्हणजे माल न मिळाल्यावरचे हाल, इतके असह्य असतात की चोरी करून पुडी आणणं त्या क्षणी सोपं वाटतं. बुप्रेनॉर्फिनसारख्या गोळीवर सरकारी केंद्रांतून उपचार होतात आणि ते चालतात. 'एका नशेऐवजी दुसरी नशा' म्हणून घरचे ती गोळी मधेच बंद करायला लावतात, ते करू नका.

९. डॉक्टरने लिहून दिलेल्या गोळ्या, कफ सिरप तर औषधंच ना?

औषधंच, पण ठरलेल्या मात्रेत, ठरलेल्या दिवसांपुरती. अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम या झोपेच्या-चिंतेच्या गोळ्या (बाजारात 'बटण', 'कुत्ता गोली') आणि कोडीनवालं सिरप यांचा व्यवहार केमिस्टच्या दुकानातून सुटून गल्लीत येतो. एकट्या गोळीपेक्षा गोळी आणि दारू ही जोडी फार जास्त मारक (प्रश्न १२). महिनोन्महिने रोज घेतलेली गोळी एका दिवसात बंद केली तर फिट येऊ शकते. ती डॉक्टरनेच हळूहळू कमी करायची असते.

१०. स्टेशनवरची मुलं व्हाइटनर, सोल्युशन हुंगतात. ते किती घातक?

पोरांसाठी अतिशय. २०१९ च्याच अहवालात हुंगण्याची नशा हा एकच प्रकार असा होता ज्यात मुलांचं प्रमाण (१.७ टक्के) प्रौढांपेक्षा (०.५८ टक्के) जास्त होतं. हृदयाची लय अचानक बिघडून जागेवर मृत्यू येऊ शकतो, अगदी पहिल्या वेळीसुद्धा. हुंगत असलेल्या मुलाच्या मागे धावू नका, दचकवू नका. घाबरून पळाल्याने धोका वाढतो. चाइल्डलाइन १०९८. मुलाला नशेचा पदार्थ देणाऱ्याला बाल न्याय कायद्याखाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे.

११. भारीतली दारू प्यायली तर त्रास नाही, हातभट्टीच वाईट, बरोबर?

हातभट्टीचा एक खास धोका आहे: मिथेनॉल. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत त्यानेच शंभरहून अधिक माणसं गेली. चवीवरून, वासावरून ते ओळखता येत नाही. कित्येक तासांनी उलट्या, पोटदुखी आणि डोळ्यांसमोर पांढरं धुकं. नजर अंधूक झाली की क्षणही न दवडता मोठं रुग्णालय गाठायचं.

बाकी यकृताला बाटलीवरचं लेबल वाचता येत नाही. क्वार्टर देशी असो की सिंगल माल्ट, अल्कोहोल तेच. दारू कर्करोगकारक आहे हे १९८८ पासून नोंदलेलं आहे, आणि दारूची कुठलीही मात्रा निर्धोक नाही असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं.

१२. दोन नशा एकत्र केल्या तर काय होतं?

'कोणती घातक' या वादात ही चिठ्ठी सर्वांत कमी येते, आणि माझ्या मते हीच पहिली यायला हवी. दारू, गर्द, कोडीन, झोपेच्या गोळ्या हे सगळे श्वास मंद करतात. प्रत्येकाची मात्रा एरवी झेपणारी असली तरी दोन एकत्र आल्या की श्वास बंद पडू शकतो. दारू आणि कोकेन एकत्र घेतलं की यकृतात कोकाइथिलीन नावाचं तिसरंच रसायन तयार होतं, ते हृदयाला जास्त जाचक. एमडी किंवा कोकेनवर दारू पिणाऱ्याला चढल्याचं कळत नाही, म्हणून तो पीत राहतो. गटारीला किंवा ३१ डिसेंबरला येऊरच्या बंगल्यात जे चालतं ते बहुधा हेच असतं: कुणी काय आणलंय याचा पत्ता नाही, आणि सगळ्यांचं सगळं चाखायचं.

१३. वडील रोज पितात. सोमवारपासून एकदम बंद करायला लावतोय, चालेल ना?

रोज, भरपूर, वर्षानुवर्षं पिणारे असतील तर घरी एकदम बंद करू नका. हे ऐकून लोकांना धक्का बसतो. गर्द अचानक सुटल्यावर हाल भयंकर होतात, पण त्याने सहसा जीव जात नाही. दारू अचानक सुटल्यावर जाऊ शकतो. पहिल्या दिवशी हात थरथरतात, घाम येतो, झोप लागत नाही. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना भिंतीवर किडे दिसू लागतात, माणसं ओळखता येत नाहीत, ताप चढतो. हे इमर्जन्सीचं काम आहे.

रुग्णालयात हाच आठवडा औषधांच्या आधाराने, व्हिटॅमिन बी-१ ची इंजेक्शनं देऊन बराच सुखरूप पार पडतो. खोलीत कोंडून, अंगारा लावून पार पडत नाही. चहात गुपचूप औषध मिसळण्याच्या जाहिरातींनाही भुलू नका. दारूची चीड आणणारं औषध माणसाच्या नकळत दिलं आणि वर तो प्यायला, तर जिवावर बेततं.

१४. भाऊ केंद्रातून तीन महिन्यांनी घरी आलाय. आता धोका टळला?

गर्द किंवा गोळ्यांचं व्यसन असेल तर हेच दिवस सर्वांत नाजूक. तीन महिन्यांत शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, पण हाताला आठवण जुन्या मात्रेची असते. पूर्वी रोज पचणारी पुडी आता मारू शकते. तुरुंगातून सुटलेल्यांचंही हेच होतं. पुन्हा घेतली तर शिव्याशाप न देता लगेच सांगता येईल असं एक तरी माणूस घरात हवं.

१५. मित्र नशेत बेशुद्ध पडलाय. काय करू?

१०८ ला फोन करा. कुशीवर वळवा, म्हणजे उलटी घशात अडकणार नाही. श्वास मोजत राहा. घोरल्यासारखा खोल आवाज, निळसर ओठ, टाचणीएवढ्या बाहुल्या दिसल्या तर अफूजन्य पदार्थ असू शकतो, आणि त्यावर नॅलोक्सोनचं इंजेक्शन रुग्णालयात मिळतं. मिठाचं पाणी, लिंबू, ताक, गार पाण्याची बादली यांतलं काही नको. 'झोपू दे, उतरेल' म्हणून एकटं सोडू नका. एमडीने अंग तापलं असेल तर कपडे सैल करा, पंख्याखाली ठेवा.

डॉक्टरांना खरं सांगा. काय घेतलं, कशाबरोबर, किती वाजता. रिकामी स्ट्रिप किंवा बाटली सोबत न्या. पोलिसांच्या भीतीने मुलं 'काहीतरी खाल्लं' एवढंच सांगतात आणि त्यात मोलाची वेळ जाते.

१६. एक किलोपर्यंत गांजा चालतो ना? आणि उपचार घ्यायला गेलो तर अटक होईल का?

चालत नाही. एक किलो ही 'अल्प प्रमाणा'ची मर्यादा आहे, परवानगीची नाही. अल्प प्रमाणातही एक वर्षापर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. गर्दसाठी ही मर्यादा ५ ग्रॅम, कोकेन आणि एमडीसाठी २ ग्रॅम. एमडीचं व्यापारी प्रमाण अवघ्या ५० ग्रॅमपासून सुरू होतं, तिथे किमान दहा वर्षं. 'मी फक्त मित्राचं पाकीट सांभाळत होतो' हे सांगणाऱ्या मुलाला हा हिशेब माहीत नसतो.

दुसऱ्या भागाचं उत्तर दिलासा देणारं आहे. एनडीपीएसच्या कलम ६४-अ नुसार, अल्प प्रमाणाच्या किंवा सेवनाच्या प्रकरणात अडकलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल तर खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढूनही घेतलं जातं. डॉक्टरकडे गेलात म्हणून कुणी पकडायला येत नाही.

१७. कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेत हाच विषय आहे. कोणती बाजू घेऊ?

'दारू सर्वांत घातक' ही बाजू सोपी, प्रश्न २ मधले आकडे पुरतील. मात्र समोरच्याने प्रश्न ३ वाचला असेल तर पंचाईत होईल. मला परीक्षक म्हणून बोलावलं तर 'कुणासाठी घातक' हे पहिल्या मिनिटात स्पष्ट करणाऱ्याला मी जास्त गुण देईन.

१८. नुसता वाद पुरे. मदत कुठे मिळते?

फोनवर: मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६, नशामुक्तीसाठी १४४४६, दोन्ही मोफत. प्रत्यक्षात: ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय आणि कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, इथल्या मानसोपचार ओपीडी. ठाण्यातच मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही मानसिक आरोग्यावर काम करणारी संस्था आहे. दारूसाठी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा ठाणे, नवी मुंबईत मराठीतून चालतात, पैसे लागत नाहीत. देशात दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांमागे जेमतेम एकाला काहीतरी उपचार मिळतात, असं २०१९ चा अहवाल सांगतो.

खासगी केंद्र निवडताना आधी स्वतः जाऊन बघा. मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात? नोंदणीचा कागद दाखवतात का? रात्री फिट आली तर कुठल्या रुग्णालयात नेतात? घरच्यांना भेटू देतात का? 'तीन महिने फोनही नाही' म्हणणाऱ्या, पेशंटला झोपेतून उचलून नेणाऱ्या जागी पैसे भरू नका. पेशंट यायला तयार नसेल तर पहिल्या भेटीला तुम्ही एकटे गेलात तरी चालतं. तो काय घेतो, कधीपासून, घरात आणखी कुणाला मानसिक आजार आहे का, हे एका कागदावर लिहून न्या, म्हणजे ओपीडीच्या गर्दीत काही विसरणार नाही.